विश्लेषण : सायकलला गाडीची धडक; दोष कुणाचा, हे ठरतं कसं?

लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला जाणाऱ्या महामार्गावर किंवा त्याला मिळणाऱ्या एखाद्या फाट्यावर सायकलस्वाराला गाडीने उडवलं, की जमलेल्या गर्दीत पहिलं वाक्य बहुतेक वेळा गाडीवाल्याचं असतं : "मध्येच आला." सायकलवाला तेव्हा बोलण्याच्या अवस्थेत नसतो. ते वाक्य तिथेच कुणी खोडलं नाही, तर पोलिसांच्या कागदात जातं, तिथून विमा कंपनीच्या लेखी म्हणण्यात जातं आणि दोन-तीन वर्षांनी न्यायाधिकरणापुढे पुन्हा उभं राहतं.

याच्या उलट दुसरी समजूतही गावोगाव पक्की आहे : मोठ्या गाडीचीच चूक धरतात, काळजी नको. नेदरलँड्समध्ये कायदा बराचसा तसा आहे. तिथे मोटारीने सायकलस्वाराला धडक दिली तर जबाबदारी आधी मोटारवाल्यावर येते. आपल्याकडे तसं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६६ खाली पूर्ण भरपाई मागायची, तर गाडीवाल्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. गाडी मोठी होती, एवढ्यावर भागत नाही.

पण किती दाखवायचं, इथे सायकलवाल्याच्या बाजूने बरंच आहे. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मात्र एवढंच बघतं, की दोन्ही बाजूंच्या सांगण्यापैकी कोणतं घडलं असण्याची शक्यता जास्त आहे. त्यामुळे ड्रायव्हर फौजदारी कोर्टातून सुटला म्हणून भरपाईचा दावा आपोआप पडत नाही. "केस सुटली, आता काय मिळणार" म्हणून घरी बसलेल्यांनी हे लक्षात घ्यावं.

सायकलवाल्याचीही चूक असेल तर? मुंबईत बेस्टच्या बसची धडक बसून अठरा वर्षांचा सायकलस्वार दगावला होता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, निकाल २००३ मध्ये लागला. मुलाच्याही चुकीचा वाटा धरून भरपाई कमी झाली, पण दावा बुडाला नाही. हिशेब असा असतो : भरपाई १० लाख ठरली आणि सायकलवाल्याचा दोष ३० टक्के धरला, तर घरच्यांना ७ लाख मिळतात. विमा कंपनीचा वकील म्हणूनच टक्क्यांसाठी भांडतो. आणि सायकलवाल्याची चूक होती असं जो म्हणतो, त्यानेच ती पुराव्याने दाखवायची असते.

आपल्या भागात हा वाद सगळ्यात जास्त उलट्या बाजूने सायकल चालवण्यावरून होणार. रस्ता चौपदरी झाला, मधे दुभाजक आला. शाळा पलीकडे आणि दुभाजक फोडलेली जागा लांब, मग पोरं कडेकडेने उलट्या दिशेनेच जातात. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या, त्या चालवायला वेगळी पट्टी काही मिळाली नाही. उलट्या दिशेने जाणं नियमाविरुद्धच आहे. पण न्यायाधिकरणापुढचा खरा प्रश्न असतो, की अपघात त्यामुळे झाला का? मुलगी डांबराच्या बाहेर कडेच्या पट्टीवर होती आणि टेंपो पुढच्याला ओलांडायला तिथे घुसला, तर टेंपो त्या पट्टीवर काय करत होता, हेही विचारलं जाईल. शिवाय लहान मुलाची सावधगिरी मोठ्या माणसाच्या मापाने मोजत नाहीत.

म्हणून धडक नेमकी कुठे झाली, हे कागदावर बरोबर येणं महत्त्वाचं. घटनास्थळाचा पंचनामा आणि नकाशा यात रस्त्याची रुंदी, ब्रेकच्या खुणा, काचा कुठे पडल्या, रक्त कुठे होतं, सायकल कडेपासून किती फुटांवर होती, हे यायला हवं. सायकलचं मागचं चाक चेपलं असेल तर गाडी मागून आली. पुढचं चाक वाकलं असेल तर बचाव पक्ष म्हणेल, सायकलच येऊन धडकली. सायकल भंगारात देऊ नये, हा साधा सल्ला त्यासाठीच.

पंचनाम्यावरही डोळे झाकून सगळं ठरत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अपघातानंतर गाड्या कुठे थांबल्या एवढ्या नोंदीवरून, दुसरा थेट पुरावा नसताना, मेलेल्या माणसाला दोषी धरता येत नाही. गाडी धडकेनंतर घसरत जाते, हे कुणालाही कळतं.

इथे हातातला मोबाइल कामाला येतो. गाड्या हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो, नंबर प्लेट आणि आजूबाजूची ओळखू येईल अशी एखादी खूण घ्यावी. अर्थात आधी जखमीला उचलायचं. फोटो ग्रुपवर टाकून आपल्या फोनमधून उडवू नयेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या फोटोतली वेळ-ठिकाणाची मूळ नोंद राहत नाही, आणि कोर्टात कोणत्या फोनवर काढला ते प्रमाणपत्रासह सांगावं लागतं. जवळच्या पेट्रोल पंपाचं किंवा ढाब्याचं सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. ते जप्त करा, असा लेखी अर्ज ठाण्यात देऊन पोच घ्यावी.

गाळप हंगामात आणखी एक प्रकार दिसतो. उसाची ट्रॉली पंक्चर होऊन अंधारात रस्त्यावर उभी, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि शेतातून परतणारा सायकलवाला तिच्यावर जाऊन आदळतो. लोक म्हणतात, उभ्या गाडीवर हाच गेला, मग दोष याचाच. तसं नाही. दिवा, रिफ्लेक्टर न लावता रस्त्यावर गाडी सोडणं हाही निष्काळजीपणा आहे.

खरं नुकसान मात्र बहुतेकदा दवाखान्यात आणि पारावर होतं. पोलिसांची कटकट नको म्हणून नातेवाईक डॉक्टरला सांगतात, "सायकलवरून पडला." केसपेपरवर तसंच लिहिलं जातं. नंतर महिन्याने गाडीचा नंबर घेऊन दावा केला, की विमा कंपनी तोच केसपेपर पुढे करते. कोणत्या गाडीने धडक दिली हे पहिल्याच नोंदीत यायला हवं. खर्चाच्या भीतीने खोटं सांगायचीही गरज नाही. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळू शकतात, आणि त्यात दोष कुणाचा हे बघत नाहीत.

पारावरचा प्रकार असा : पाच-पन्नास हजार हातावर ठेवायचे आणि बाँडवर लिहून घ्यायचं, "गाडीवाल्याची काही चूक नाही, आमची तक्रार नाही." गावातलं नातं, रोजचं येणं-जाणं, माणसं सही करतात. मृत्यू झाला असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ चा तो गुन्हा असा बाँडने मिटत नाहीच. त्या कागदाचा उपयोग एकच होतो, पुढे दाव्यात सायकलवाल्याच्याच घरच्यांविरुद्ध. आणि गाडीचा विमा असेल तर बहुतेक वेळा भरपाई विमा कंपनी देणार असते, गाडीवाल्याच्या खिशातून जायचं नसतं. मग एवढ्या घाईने मिटवायचं कुणासाठी?

दोष सिद्ध न करता मिळणारी रक्कमही आहे. कलम १६४ खाली मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. पण ती स्वीकारली की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. कमावता माणूस गेला असेल तर आधी वकिलाकडून हिशेब करून घ्यावा. गाडी पळून गेली, नंबरच मिळाला नाही, तर मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार. तो अर्ज कोर्टात नाही, उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा.

एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. आपला गेला का, हे ठाण्यात जाऊन विचारावं. दावा अपघातापासून सहा महिन्यांत करावा असं कायदा म्हणतो. या मुदतीला आव्हान दिलेलं असून, केवळ उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला आहे. अंतिम निकाल काय येईल यावर विसंबण्यापेक्षा सहा महिन्यांच्या आत दावा लावलेला बरा. तो राहत्या जिल्ह्यातही लावता येतो. मुखेड-कंधारकडून ऊसतोडीला गेलेला माणूस दूर पश्चिम महाराष्ट्रात अपघातात सापडला, तरी घरच्यांना तारखांसाठी तिकडे खेपा घालाव्या लागत नाहीत, नांदेडला दावा चालतो.