ट्रॅक्टर आपला, तर पानाही आपल्याच हातात हवा



आम्ही पनवेलकडचे भातवाले. तुमची काळी जमीन, कापूस आणि ज्वारी, सगळे पावसाच्या भरवशावर. आमच्याकडे पाऊस थांबता थांबत नाही. तरी एका गोष्टीत आपण सारखे आहोत. आमची चिखलणी चार दिवसांची आणि तुमचा वाफसाही चार दिवसांचा. त्या चार दिवसांत ट्रॅक्टर उभा राहिला की वर्षाचे गणित कोलमडते.

माझ्या छोट्या ट्रॅक्टरची लिफ्ट ऐन चिखलणीत उचलेना. रोटाव्हेटर अर्ध्यावर येऊन थांबे आणि पंप कण्हत राही. मेकॅनिक आला, त्याने न उघडताच सांगितले, पंप गेला, नवा घालावा लागेल. गावातला एक जुना ट्रक ड्रायव्हर म्हणाला, आधी फिल्टर तरी बघू. फिल्टर काढला तर गाळाने भरलेला. नवा फिल्टर आणि नवे तेल घातले आणि लिफ्ट उठली. पंप आजही तोच आहे. तीन वर्षे फिल्टर बदलला नव्हता ही चूक माझीच. पण तो बदलायचा असतो हे विकणाऱ्याने सांगितले नव्हते आणि पुस्तक मी उघडले नव्हते.

पुष्कळ छोट्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि लिफ्ट यांचे तेल एकच असते. गिअरची झीज, धूळ, पाणी सगळे त्याच तेलात उतरते. आमच्याकडे पाणी शिरते, तुमच्याकडे उन्हाळी वखरणीची धूळ. फिल्टर तुंबला की पंपाला तेल ओढता येत नाही, हवा ओढली जाते आणि चांगला पंप आतून झिजू लागतो. म्हणजे स्वस्त वस्तूच्या हेळसांडीने महागडी वस्तू जाते.

हे काम घरच्या अंगणात होते. ट्रॅक्टर सपाट जागी लावा, अवजार जमिनीवर टेकवा, इंजिन बंद, चावी खिशात. तेल कोमट असावे, कढत नको. फिल्टरच्या भोवतीची माती आधी फडक्याने पुसा, नाहीतर तीच आत जाईल. तेल स्वच्छ डब्यात काढा. जुन्या फिल्टरची रबरी रिंग त्याच्याबरोबर निघाली का ते पाहा. ती चिकटून राहिली आणि वर दुसरी बसली तर तेल गळणारच. नव्या रिंगला तेलाचे बोट लावा, फिल्टर हाताने आवळा आणि रिंग टेकल्यावर पाऊण फेरा पुरे. पान्याने पिळू नका. आत जाळी असेल तर ती डिझेलने धुऊन, वाळवून घाला. तेल पुस्तकात लिहिलेल्याच प्रतीचे आणि तेवढेच. मग इंजिन मंद चालवून लिफ्ट पाच-सहा वेळा वरखाली करा, म्हणजे हवा निघेल. बंद करून तेलाची पातळी पुन्हा पाहा. किती तासांनी बदलायचे हे पुस्तकात असते. नव्या ट्रॅक्टरचा पहिला बदल लवकर येतो, तो चुकवू नका.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. चालू इंजिनावर गळती हाताने चाचपू नका. दाबाखालचे तेल कातडीतून आत घुसते, जखम टाचणीएवढी दिसते आणि हात जाण्याची पाळी येते. पुठ्ठा धरून बघा. आणि काढलेले तेल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका.

तेल दुधासारखे पांढरे दिसले तर पाणी शिरले आहे. धातूचे तुकडे निघाले तर मेकॅनिकला बोलवा. आपण मेकॅनिकचे वैरी नाही. पण तो काय सांगतो ते समजण्याइतके ज्ञान आपल्याला हवे.

हा प्रश्न फिल्टरपुरता नाही. आमच्या भागाने १९७० नंतर जमिनी जाताना पाहिल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई आणि दास्तान फाट्यावर शेतकरी उभे राहिले, पाच जण गोळीबारात गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क पदरात पडला. आपली वस्तू कोणाच्या हुकमात आहे हे आधी विचारावे लागते, हा त्यातला धडा. १० जून २०१९ ला अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीर येथे कापूसवाल्यांनी बंदी मोडून तणनाशक सहन करणारे बियाणे लावले. मागणी तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्याची होती. बियाणे निवडण्याचे स्वातंत्र्य हवे, तर स्वतःचे यंत्र उघडण्याचेही हवेच.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्यात शेतीची अवजारेही घेतली. डिसेंबरात पोर्टल निघाले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदाच केला आणि १ जानेवारी २०२४ पासून कंपन्यांना शेतीयंत्रांची माहिती, सुटे भाग आणि हत्यारे शेतकऱ्याला देणे भाग पडले. आपण अनुदान मागत नाही. पुस्तक मराठीत द्या, फिल्टरचा नंबर उघड सांगा, तालुक्याच्या दुकानात तो मिळू द्या आणि पुस्तकाप्रमाणे घरी तेल बदलले म्हणून वॉरंटी नाकारू नका, एवढेच.

जिल्हा बैठकीला येताना आपापल्या ट्रॅक्टरचे पुस्तक घेऊन या. नसेल तर का नाही, हे विक्रेत्याला विचारून या. मृगाच्या आधी प्रत्येक गावात दोन जणांना तरी हे काम आले पाहिजे. वाफसा मेकॅनिकची वाट पाहत नाही.