पाच पेट्या आणि एक कान

पेटी म्हटली की मराठी माणसास हार्मोनियम आठवते. परमुलखात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या बांधवांच्या बैठकींत मात्र अलीकडे निराळ्याच पेट्यांची चर्चा ऐकू येते. होसकोटे हे स्थळ त्या चर्चेस अनुरूपच म्हणावे लागेल. एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत मोडणारे, बंगळूरच्या पूर्वेस सुमारे २५ किलोमीटरवर जुन्या मद्रास रस्त्यालगत वसलेले हे तालुक्याचे गाव आज गोदामांचे गाव झाले आहे. या गावात आणि येथून व्हाइटफील्डपर्यंत पसरलेल्या नव्या वसाहतींत जे सुस्थित मराठी अधिकारी राहतात, त्यांपैकी काही जण विलायतेहून यावयाच्या एका ध्वनियंत्राची चातकासारखी वाट पाहत आहेत. एका यंत्राच्या या पेट्या पाच! शौक ज्याचा त्याचा, असे म्हणून आम्ही हा विषय सोडून दिला असता. परंतु या प्रतीक्षेच्या मुळाशी जो विचार आहे, तो आम्हांस घातक वाटतो, आणि तसे स्पष्ट सांगणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम यंत्राचा परिचय करून देऊ. इंग्लंडात केंब्रिजच्या परिसरात १९८७ साली स्थापन झालेली डीसीएस ही कंपनी अंकांच्या रूपाने साठविलेल्या ध्वनीचे पुन्हा नादात रूपांतर करणारी यंत्रे बनविते. यंत्रांस संगीतकारांची नावे देण्याची तिची रीत आहे. २०१२ साली तिने चार पेट्यांचे ‘विवाल्डी’ बाजारात आणले. पुढे बारा वर्षे शौकिनांनी ‘आता याच्यावर काय?’ या प्रश्नात घालविली, आणि २०२४ साली पाच पेट्यांचे ‘वारेझ’ अवतरले. एका पेटीत सर्व कारभाराचे केंद्र, दुसरीत हुकूम देण्याचा पडदा, तिसरीत घड्याळ आणि उरलेल्या दोहोंत डाव्या व उजव्या बाजूचे रूपांतर स्वतंत्रपणे करणारे ‘डॅक’. तबकडी वाजवावयाची झाल्यास सहावी पेटी निराळी. किंमत दोन लक्ष पौंडांहून अधिक, म्हणजे आपल्या रुपयांत दोन कोटींच्या पुढे. आयातकर, ध्वनिवर्धक, कर्णे आणि तारा यांचा हिशेब वेगळाच.

या शौकिनांचा पक्ष आम्ही उणा करून मांडू इच्छीत नाही. ते म्हणतात, पेट्या वेगळ्या करण्यास शास्त्रीय कारण आहे. एकाच खोक्यात सर्व भाग कोंबले तर एकाच्या विद्युत्प्रवाहाचा उपद्रव दुसऱ्यास होतो. डावा नाद उजव्यात मिसळतो. घड्याळाचा ठोका लवमात्र चुकला तरी नादाची रेखीवता ढळते. हे सर्व खरे आहे. ज्यांनी हे यंत्र रचिले, त्यांच्या विद्येस आमचा नमस्कार असो. आमचा वाद यंत्राशी नाही. ‘यंत्र येईल तेव्हाच खरे गाणे ऐकू येईल’ या श्रद्धेशी आहे.

त्या श्रद्धेचा हिशेब करून पाहावा. १९८२ साली बाजारात आलेल्या साध्या सीडीत दर सेकंदास ४४,१०० वेळा नादाची नोंद होते आणि सेकंदास २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी तीत मावतो. मनुष्याच्या कानाची वरची मर्यादाही तीच. आणि तीसुद्धा कोवळ्या वयात. पन्नाशी उलटलेल्या गृहस्थास १४,००० च्या पलीकडचे बहुधा काहीच ऐकू येत नाही. अतिसूक्ष्म नादापासून अतिप्रचंड नादापर्यंत ९६ डेसिबेलचे अंतर त्या साध्या तबकडीत सामावते, आणि आपल्या शांत म्हटल्या जाणाऱ्या दिवाणखान्यातच ३० डेसिबेलच्या आसपास गलबला सदैव असतो. त्यात पंखा आहे, शेजारचा पंप आहे, हमरस्त्यावरची मालमोटार आहे. शिवाय कोणत्याही कर्ण्याकडून आणि खोलीच्या भिंतींकडून नादाची जी मोडतोड होते, ती चांगल्या डॅककडून होणाऱ्या मोडतोडीच्या कितीतरी पट असते. म्हणजे ज्या दोषाच्या निवारणासाठी दोन कोटी मोजावयाचे, तो दोष कानास जाणवण्यापूर्वीच पंख्याखाली बुडालेला असतो! जाड गालिचा, पुस्तकांनी भरलेले कपाट आणि कर्ण्यांची विचारपूर्वक मांडणी यांनी जो लाभ होईल, तो पाचव्या पेटीने होणार नाही. पण गालिच्याची वाट पाहण्यात प्रतिष्ठा कोठली?

निर्दोष यंत्राचा हा ध्यास आपल्यात आजचा नाही. कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ, म्हणजे आमच्या वाचकांचेच पूर्वसूरी. त्यांनी बावीस श्रुतींचे मापन मनावर घेतले आणि १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाचे त्यांस साहाय्य लाभले. सर्व श्रुती जिच्यातून निघतील अशी पेटी इंग्लंडात घडविण्यात आली. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या संगीत परिषदेपुढे हा विषय आला. परंतु गायकवर्गाने त्या पेटीचा स्वीकार केला नाही, आणि आज ती इतिहासजमा झाली आहे. तरीही देवलांचा उद्योग आम्ही व्यर्थ मानीत नाही. कारण त्यांचे माप पेटीपासून सुरू झाले नव्हते. त्यांनी आपले गणित अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातून निघणाऱ्या स्वरांशी ताडून पाहिले होते. आधी गळा, मग कान, मग गणित आणि शेवटी पेटी, असा तो क्रम होता. आजच्या शौकिनांनी तो नेमका उलटा केला आहे. त्यांची आधी पेटी, मग तिची मापे, मग इतरांच्या पेट्यांशी तुलना. आणि गाणे हे केवळ पेटीची परीक्षा घेण्याचे साधन!

आता ज्या कर्नाटकाच्या भूमीवर आपण बदलीने आलो, तिच्याच एका मुलाची गोष्ट पाहावी. गदगच्या भीमसेन जोशींनी लहानपणी दुकानात वाजणारी खाँसाहेबांची झिंझोटीची ठुमरी ऐकली आणि त्या स्वराने झपाटून १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडले, हे सर्वश्रुत आहे. मिनिटास ७८ फेरे घेणारी लाखेची तबकडी, जेमतेम तीन मिनिटांचा अवकाश, सुईची खरखर आणि रस्त्यावरची वर्दळ यांतून तो स्वर मुलापर्यंत पोहोचला. मधे घड्याळाची पेटी नव्हती. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात धाडण्यात आली. तीही अशाच साडेतीन मिनिटांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेवरची. मानवजातीने आपली ओळख म्हणून जे निवडले, ते खरखरीसकट निवडले.

यावर कोणी म्हणेल, ‘पैसा आमचा आहे, तुम्हांस पोटशूळ का?’ पैशाचा हिशेब आम्ही मागत नाही. आमचे दुखणे निराळे आहे. या यंत्राचा पूर्ण आनंद खोलीतील एकाच ठरावीक जागी बसून मिळतो, असे त्याचे भक्तच सांगतात. म्हणजे पाच पेट्या, दोन कर्णे आणि एक खुर्ची! परमुलखात जाणाऱ्या मराठी अधिकाऱ्याची परंपरा याच्या नेमकी उलट होती. बदलीचा हुकूम येई, तेव्हा सामानात सतरंजी आणि तबल्याची जोडी असे. नव्या गावी महिन्याभरात कोणाच्या तरी बंगल्यावर बैठक भरे. जाणत्यांच्या मांडीला मांडी लावून नेणती मुले बसत आणि समेवर मान कशी हलते ते पाहत. त्या मुलांचे कान तेथे घडले. एका खुर्चीभोवती कोणाचे कान घडणार?

आणि याहून मोठी हानी मुकाट्याने चालू आहे. त्याच बैठकींत रसिकांनी स्पूलच्या फितींवर आणि मागाहून कॅसेटींवर जे गाणे टिपून ठेवले, ते आज कपाटांच्या तळाशी कुजत आहे. फितीवरचा लेप सुटतो, बुरशी धरते, वाजविणारे यंत्र दुरुस्त होत नाही, डब्यावरचे नाव पुसट होते. कोणता गवई, कोणता राग, साथीला कोण, हे सांगू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. वडिलांच्या पश्चात घर आवरताना ते डबे रद्दीत जातात. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संस्थांनी जुन्या ध्वनिमुद्रिकांविषयी निष्ठेने काम केले आहे; पण खासगी बैठकींच्या फिती ज्या घरांत आहेत, त्या घरांनीच त्या बाहेर काढावयास हव्यात. एक दुरुस्त केलेला जुना टेपरेकॉर्डर, अंकांत रूपांतर करणारे एक साधे पण विश्वसनीय यंत्र, थोडा धीर आणि जाणत्याकडून करून घेतलेली टिपणे, एवढे भांडवल त्यास पुरते. पाच पेट्यांच्या किमतीचा अंशमात्र खर्च केला तरी कित्येक मंडळांचे कपाट वाचेल.

म्हणून आमचे सांगणे असे : ज्यांस पाच पेट्या आणावयाच्या असतील त्यांनी खुशाल आणाव्यात, परंतु त्या येईपर्यंत ऐकणे तहकूब ठेवू नये, आणि आल्यावर खोलीत एकच खुर्ची मांडू नये. आणि पहिली पेटी उघडण्यापूर्वी वडिलांची जुनी ट्रंक उघडावी. कंपनीचे यंत्र यंदा नाही तर पुढल्या वर्षी मिळेल, आणि त्यापुढे त्याहून सरस निघेल. ट्रंकेतली फीत मात्र कोणासाठी थांबणार नाही.