कोण म्हणतंय, की का म्हणतंय?

‘जगात जर्मनी अन् भारतात परभणी’ हे वाक्य आपल्या जिल्ह्यात लेकराबाळांपासून म्हाताऱ्याकोताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतं. कशावरून, असं कुणी विचारत नाही. विचारायचं कारणही नाही. गावाचं कौतुक आहे, त्यात कुणाचं काही जात नाही. पण तितक्याच ठामपणे काही वाक्यं बाळंतिणीच्या खोलीत बोलली जातात, तेव्हा मात्र ‘कशावरून?’ हे विचारावंच लागतं.

मध्यंतरी बचत गटाच्या बैठकीला जवळच्या एका खेड्यात गेले होते. बैठक आटोपल्यावर गटातल्याच एका मावशींकडे चहाला बसलो. त्यांच्या सुनेला आठवा महिना लागलेला. बोलता बोलता मावशी म्हणाल्या, “पहिले तीन दिवस अंगावरचं दूध द्यायचं नाही. पिवळं, घट्ट असतं. लेकराला बाधतं. तवर मध चाटवायचा.”

“का बाधतं हो मावशी?”

“बाधतं म्हंजे बाधतं!”

मी म्हटलं, “पण डॉक्टर तर जन्मल्यावर तासाभरात पाजायला सांगतात.”

मावशी हसल्या. “तुझे डॉक्टर सांगतात, अन् माझी सासू सांगायची. तिनं अख्ख्या गावातली बाळंतपणं केली. आता कुणाचं ऐकू?”

मला उत्तर सुचेना. सून बिचारी दाराआडून आम्हा दोघींकडे बघत होती. परतताना एसटीत विचार करत बसले, तेव्हा लक्षात आलं की चूक एकट्या मावशींची नव्हती. त्यांनी कारण दिलं नव्हतं, आणि मीही दिलं नव्हतं. त्यांनी सासूचं नाव पुढे केलं, मी डॉक्टरांचं. नावाला नाव भिडलं आणि खरं काय ते बाजूलाच राहिलं.

कॉलेजात तर्कशास्त्र शिकले होते, ते त्या दिवशी आठवलं. आपल्या जुन्या न्यायदर्शनात वाद कसा करावा याची रीत सांगितली आहे. आधी प्रतिज्ञा, म्हणजे आपलं म्हणणं. लगेच हेतू, म्हणजे त्याचं कारण. मग उदाहरण, उपनय आणि शेवटी निगमन. नुसती प्रतिज्ञा करून थांबणं म्हणजे चुलीवर तवा ठेवून ‘स्वयंपाक झाला’ म्हणण्यासारखं आहे. ‘बाधतं म्हंजे बाधतं’ हे त्यातलंच.

पण दुसऱ्याच्या सांगण्याला काहीच किंमत नाही का? तसंही नाही. न्यायदर्शन ‘शब्द’ हेही एक प्रमाण मानतं, मात्र तो शब्द ‘आप्ता’चा हवा. आपण आप्त म्हणजे नातेवाईक समजतो. तिथे अर्थ वेगळा आहे. ज्याला ती गोष्ट स्वतः नीट कळली आहे आणि जशी कळली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. भाष्यकार वात्स्यायन तर म्हणतात की ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, आप्ताचं लक्षण सगळ्यांना सारखंच. म्हणजे सासू आहे म्हणून आप्त नाही आणि पांढरा कोट आहे म्हणूनही नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. जानेवारी २०२० मध्ये त्या वेळचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा केली. त्यावरून १९ जानेवारीला शिर्डी बंद राहिली. वादात राष्ट्रपतींच्या शिर्डीतल्या भाषणाचाही दाखला दिला गेला. आपण पाथरीच्या बाजूच्या, आपल्याला ते गोडच वाटणार. पण मुख्यमंत्री काय किंवा राष्ट्रपती काय, पद कितीही मोठं असलं तरी जन्मस्थानाचा शोध घेणं हे काही त्या पदाचं काम नाही. त्यापेक्षा दाभोलकरांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’त जन्माचा ठावठिकाणा अज्ञात सांगितला आहे, हे जास्त वजनाचं, कारण ते बाबांच्या सहवासात राहिले होते. आणि १९७०च्या दशकात पाथरीला येऊन भुसारी घराण्याची चौकशी करणारे विश्वास खेर यांचं म्हणणंही वजनाचं, कारण ते कशावरून म्हणतात हे त्यांनी मांडलं. निकाल काय लावायचा तो लावा. पण पारड्यात पुरावा टाका, खुर्ची नको.

मैत्रिणींनो, बचत गटात कर्ज देताना आपण जामीनदार बघतो ना? कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवतानाही तसंच बघावं. सांगणाऱ्याला त्या विषयातलं कळतं का? सिनेमातला नट गोरं करणाऱ्या क्रीमबद्दल सांगतो, तेव्हा त्याला कातडीचं काय कळतं? सांगण्यात त्याचा स्वतःचा फायदा आहे का? त्या विषयातल्या इतर जाणत्यांचं मतही तसंच आहे का? आणि मुळात तो माणूस खरंच तसं बोलला आहे का? आपलं राष्ट्रगीत युनेस्कोनं जगात सर्वोत्तम ठरवलं, हा निरोप वर्षानुवर्षं मोबाईलवर फिरतो आहे. युनेस्कोनं तसं काही जाहीर केलेलं नाही. मोठं नाव चिकटवलं की बिनबुडाचं वाक्यही वजनदार दिसायला लागतं, एवढंच.

या चारही प्रश्नांना जो उतरेल त्याचं खुशाल ऐकावं. सगळंच आपण स्वतः तपासू शकत नाही. पण ‘कशावरून?’ असं विचारल्यावर जो चिडतो, त्याच्यापासून जरा जपून.

पुढच्या खेपेला मी मावशींकडे गेले ती डॉक्टरांचं नाव न घेता. विचारलं, “मावशी, म्हैस व्याली की पहिला चीक कुणाला?”

“रेडकाला की! त्याचं पोट भरल्याबिगर खरवसाला हात नाही लावायचा.”

“का?”

“चीक नाही मिळाला तर रेडकू धरत नाही, माय. आजारी पडतं, दगावतं.”

बोलता बोलता त्या थांबल्या आणि सुनेकडे बघायला लागल्या. मग मी सांगितलं की आईचं ते पिवळं दूधही चीकच. बाळाला रोगाशी लढायची पहिली ताकद त्यातूनच मिळते. आणि मधात असे जंतू असू शकतात की जे मोठ्या माणसाला काही करत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या लेकराला गंभीर आजारी पाडतात. या वेळी मावशींनी वाद घातला नाही. हेतूही त्यांनीच दिला होता आणि उदाहरणही त्यांच्याच गोठ्यातलं होतं.

महिन्याभरानं निरोप आला. मुलगी झाली, आणि तासाभराच्या आत तिला अंगावर पाजलं. मावशी आता गल्लीतल्या बायकांना सांगत सुटल्यात, “पहिलं दूध पाजायचं, ताई म्हणतात!”

मी त्यांना म्हटलं, “मावशी, माझं नाव नका सांगू. रेडकाचं सांगा.”