विश्लेषण : उन्हाळी सुट्टीत मुलांचे वाचन-गणित का मागे पडते?

मेच्या सुरुवातीला बंद झालेल्या मुंबईतील शाळा उघडतात जूनच्या मध्यावर. म्हणजे साधारण सहा आठवडे. नायगावच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत मूल थोडेच थांबणार? ते पॅसेजमध्ये, मैदानात, नाहीतर थेट गावी. त्यात गैर काहीच नाही, सुट्टी त्यासाठीच असते. प्रश्न आहे तो दुसरी-तिसरीतल्या, नुकतेच वाचू लागलेल्या मुलांचा.

नेमके काय विसरते?

अमेरिकेत हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ३९ अभ्यासांचा आढावा घेतला. सुट्टीनंतर मुले सरासरी महिनाभराच्या शिक्षणाइतकी मागे पडलेली दिसली. सर्वाधिक घट आकडेमोड आणि स्पेलिंगमध्ये होती. वाचनात मात्र फरक घराचा होता. मध्यमवर्गीय मुले टिकून राहिली, गरीब घरांतली घसरली. पुढे पॉल फॉन हिपेल यांनी २०१९ मध्ये याच विषयावरील जुन्या निष्कर्षांवर शंका घेतली. चाचणी बदलली की घसरणीचा आकडाही बदलतो, हा त्यांचा मुद्दा. शिवाय तिथली सुट्टी आपल्यापेक्षा बरीच मोठी. त्यामुळे ‘महिनाभर मागे’ हे माप नायगावला लावण्यात अर्थ नाही.

आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार देशातील ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीच्या केवळ २३.४ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत होता. या पाहणीत शहरी चाळी येत नाहीत. पण जे मुळातच कच्चे आहे ते आधी निसटते, हे शहरातही खरेच.

गृहपाठाची वही पुरेशी नाही?

नाही. दहा पाने शुद्धलेखन आणि पाढे बहुतेक घरांत शेवटच्या दोन दिवसांत, टीव्हीसमोर उतरवले जातात. उतरवताना मूल वाचत नाही.

मग घरी काय करावे?

रोज पंधरा मिनिटे मुलाने मोठ्याने वाचावे आणि कोणीतरी ऐकावे. ऐकणाऱ्याला फार शिकलेले असण्याची गरज नाही. चाळीच्या एका इमारतीत ८० खोल्या असतात. त्यात नववी-दहावीतली एखादी ताई सापडतेच. पुस्तक इयत्तेचे नव्हे, मुलाला झेपेल ते घ्यावे. ‘प्रथम’ या मुंबईतच सुरू झालेल्या संस्थेच्या कामाचा गाभाही हाच आहे : मूल जिथे आहे तिथून सुरुवात. पुस्तके विकत घ्यायलाच हवीत असेही नाही. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक मोबाइलवर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वरही मराठी गोष्टी आहेत.

गणिताचे काय?

इथे भाषाही आडवी येते. इंग्रजी माध्यमातल्या नातवाला आजोबांचे ‘सदुसष्ट’ कळत नाही आणि ‘सव्वाशे’ तर नाहीच. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’सारखे संख्यावाचन आणले तेव्हा केवढा वाद झाला! पण वाद घालणाऱ्या किती घरांत मुलांशी मराठीत हिशेब होतो? गावी आजीबरोबर आंब्यांचे डझन मोजणे, एसटीच्या तिकिटाचे सुटे पैसे परत घेणे, पत्त्यांच्या डावाचे गुण लिहिणे, हे सगळे गणितच आहे. हिशेब मुलाने करायचा आणि चुकला तर त्यानेच पुन्हा मांडायचा.

जबाबदारी फक्त पालकांची?

दोघेही कामाला जाणाऱ्या घरांवर सगळे ढकलणे अन्याय्य आहे. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची वास्तू नायगावला लागूनच आहे. गणेशोत्सव मंडळांचे कार्यकर्ते तर दारातच. मंडळाच्या खोलीत दुपारी दोन तास पंखा, सतरंजी आणि पन्नास पुस्तके एवढे पुरते. मेच्या मध्यावर सुरुवात झाली तरी शाळा उघडेपर्यंत चार आठवडे हाताशी उरतात.