तुळशी किती व कोणत्या लावाव्या?

दारापुढें वृंदावनांत एक तुळस असली म्हणजे तुळशीविषयीं जाणण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, अशी पुष्कळांची समजूत असते. अलीकडे बियांच्या दुकानांत रंगीत चित्रांचीं पाकिटें मिळूं लागल्यापासून याचें दुसरें टोंकहि दिसूं लागलें आहे. इटालियन, थाई, लिंबाच्या वासाची, जांभळ्या पानांची, अशीं आठदहा नांवें वाचून मुलें हट्ट धरितात, आणि वडील माणसेंहि कौतुकानें सारीं पाकिटें एकदम घेऊन येतात. पुढें पावसाळा सरतो न सरतो तोंच त्या वाफ्यांतील कोणतें रोप कोणतें, हें कोणासच सांगतां येत नाहीं. आमचें मत असें आहे कीं, शाळेच्या अथवा घरच्या लहानशा बागेंत तीनच जाती लावाव्या, आणि त्या नांवावरून न निवडतां वासावरून निवडाव्या.

नांवावर विसंबूं नये असें आम्ही कां म्हणतों, हें आधीं सांगितलें पाहिजे. 'रामतुळस' हें नांव कोणी हिरव्या पानांच्या साध्या तुळशीस देतात. तर कोणी जवळजवळ पुरुषभर उंच वाढणाऱ्या, रुंद पानांच्या व लवंगेसारख्या वासाच्या एका अगदीं निराळ्या झाडास देतात. 'कापूरतुळशी'चीहि तीच गत आहे. खरी कापराच्या वासाची जात मूळची पूर्व आफ्रिकेंतील असून तिच्या शास्त्रीय नांवांत किलिमांजारो पर्वताचें नांव गुंफलेलें आहे. परंतु बाजारांत त्याच नांवानें दुसरेंच रोप हातीं पडण्याचा संभव असतो. पंडितांकडे वळावें, तर तेथेंहि घोटाळा आहेच. लीनियसनें १७५३ मध्यें आपल्या तुळशीस 'ऑसिमम टेन्युइफ्लोरम' असें नांव दिलें, आणि १७६७ मध्यें त्याच झाडास 'ऑसिमम सँक्टम' असें दुसरें नांव दिलें. हीं दोन्हीं नांवें अद्यापि पुस्तकांतून आढळतात, आणि मुलांस तीं दोन झाडें आहेत असें वाटतें! पानाची गोष्ट तशी नाहीं. एक पान बोटांत चुरडावें व नाकाशीं धरावें. लवंग, बडीशेप, लिंबू, कापूर, यांपैकीं कोणाची आठवण होते तें पाहावें. वृक्षशास्त्राचा हा पहिला धडा पुस्तकावांचून होतो. दुसरा धडा खोडाचा. खोड चौकोनी असून पानें समोरासमोर आहेत, हें ज्यानें पाहिलें, त्यास पुदिना हा तुळशीचा नातलग आहे हें निराळें सांगावें लागत नाहीं.

आतां निवडीकडे वळूं. पहिली जात अर्थातच तुळस. काळी घ्यावी कीं पांढरी, याचा वाद आम्ही घालीत नाहीं. दोन्हींची जात एकच आहे. मात्र काळीस ऊन चांगलें मिळालें म्हणजे तिचा जांभळा रंग खुलतो, ती सावलींत ठेवूं नये.

दुसरी जात सब्जा. याविषयीं आम्हांस थोडें अधिक बोलावयाचें आहे. कारण आपल्याकडे या झाडाची जितकी उपेक्षा झाली आहे तितकी क्वचितच दुसऱ्या कोणाची झाली असेल. फालुद्यांत जे काळे दाणे पाण्यानें फुगून पांढुरक्या बुळबुळीत वेष्टनांत दिसतात, ते सब्जाचे. 'ऑसिमम बॅसिलिकम' हें त्याचें शास्त्रीय नांव. आणि 'बेसिल' म्हणून जें इटालियन बीं पैसे मोजून आणितात, तेंहि ह्याच जातीचें! जेनोवा शहरचे लोक लसूण, चिलगोज्यासारख्या बिया, चीज व ऑलिव्हचें तेल यांबरोबर ज्याची पानें कुटून चटणी करितात, तें झाड सब्जाचा सख्खा भाऊ होय. दोहोंच्या पानांत फरक नाहीं असें मात्र नव्हे. रायवळ व हापूस एकाच जातीचे असूनहि एकाची चव दुसऱ्यास नसते. तसेंच येथें समजावें. परंतु परसांत आपोआप उगवलेला सब्जा तण म्हणून उपटून टाकावयाचा आणि त्याच्या भावासाठीं दुकानांत जावयाचें, हें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं.

कित्येक पालक म्हणतील, तुळशीचीं पानें स्वयंपाकांत घालणें आमच्या घरीं चालणार नाहीं. त्यांचें म्हणणें रास्त आहे. थायलंडांत आपल्याच तुळशीचीं पानें मांसाबरोबर परतून खातात; परंतु ज्या घरीं तिची पूजा होते, तेथें तो पाठ गिरविण्याचें कारण नाहीं. ग्रीस देशांत सप्टेंबरच्या १४ तारखेस, क्रूसाच्या सणाच्या दिवशीं, देवळांत बेसिलच्या डहाळ्या वापरितात. म्हणजे या कुळाविषयींचा आदर आपल्यापुरताच नाहीं. स्वयंपाकघरासाठीं सब्जा आहे. तेवढ्यासाठींच तो तुळशीपासून वेगळ्या वाफ्यांत असावा.

तिसरी जात कोणती, याविषयीं मतभेद होईल. आमची पसंती लवंगेच्या वासाच्या त्या उंच रामतुळशीस आहे; कुंपणाजवळ, इतर रोपांवर सावली न पडेल अशा ठिकाणीं ती लावावी. इटालियन अथवा लिंबाच्या वासाची जात आम्ही तिसरी म्हणून सुचवीत नाहीं, याचें कारण मधमाश्या. त्या सब्जाच्या एका प्रकारावरून दुसऱ्यावर निःसंकोच फिरतात, आणि शेजारी शेजारी फुललेल्या प्रकारांचें बीं पुढील वर्षीं मिश्र निघतें. तेव्हां कोणास इटालियन जात हवीच असेल, तर त्यानें ती सब्जाच्या जागीं लावावी, त्याच्या शेजारीं नव्हे. चाळींतील गॅलरींत दोन कुंड्यांचीच जागा असेल, त्यानें तिसरीचा लोभ धरूं नये.

लागवडीस फारशी विद्या लागत नाहीं. बीं वर वर पेरावें, वर मातीचा पातळ थर द्यावा. रोपांत एक हातभर अंतर ठेवावें. कोंकणांत पाऊस फार, म्हणून सब्जा पाऊस ओसरल्यावर उंच वाफ्यांत पेरावा, नाहीं तर मुळें कुजतात. नाशिकाकडे थंडी कडक पडली म्हणजे त्याचीं पानें काळीं पडतात. तेथें तो थंडीपूर्वींच उरकून घ्यावा. पानें हवीं असतील, तर मंजिरी दिसतांच खुडावी. मुलांस ह्या कामीं दया येते, पण मंजिरी राखली कीं पानें लहान व विरळ होत जातात.

बीं धरावयाचें असेल, तर प्रत्येक जातीचें एक चांगलें झाड न खुडतां सोडावें. मंजिऱ्या तपकिरी झाल्या कीं त्या कापून कागदावर झाडाव्या, भुसा फुंकून टाकावा आणि बीं कोरड्या पुडींत बांधावें. पुडीवर जातीचें नांव व वर्ष लिहावें, आणि त्याखालीं पानाचा वास कशासारखा होता, हेंहि लिहून ठेवावें.