'बघू' म्हणजे हो की नाही?

मैत्रिणींनो, 'नाही' या शब्दाला आपण बायकांनी किती पर्याय शोधून ठेवले आहेत! 'बघू', 'जमवते', 'ह्यांना विचारून सांगते', 'येऊन जाईन हं'. समोरचीला त्यातला नकार कळला, असं आपण धरून चालतो. तिला तो कळलेला नसतो, नि तिथेच घोटाळा होतो.

हळदीकुंकवाचं सोपं आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत एकेका संध्याकाळी तीन-तीन घरची बोलावणी असतात. नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं डोकावून वाण घेऊन यावं. कुणी रागावत नाही. सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं असेल तर मात्र तसं चालत नाही. (ही प्रथा असावी की नसावी, हा वेगळा विषय.) तिथे तुमच्या नावाचं पान मांडायचं असतं. 'जमलं तर येते' म्हणून सकाळी अकराला व्हॉट्सॲपवर निरोप धाडला, तर त्या बाईनं दुसरी सवाष्ण आणायची कुठून? आमंत्रण येईल त्याच दिवशी सांगा, "काकू, त्या दिवशी मला रजा नाही, तुम्ही दुसरं कुणी बघा. रविवारी मात्र चहाला येते." कारण एकच द्यावं. मुलाची परीक्षा, सासूबाईंचे गुडघे, वर पाहुणे, अशी यादी लागली की खरंसुद्धा खोटं वाटतं.

खरी कसोटी लागते ती पैशांच्या बाबतीत. नणंदेचे यजमान पतपेढीतून कर्ज काढतात आणि म्हणतात, "वहिनी, जामीन म्हणून नुसती सही तर करायचीय!" नुसती कसली? १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले की 'आधी त्यांच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या' असं साधारणपणे म्हणता येत नाही.

इथे 'ह्यांना विचारते' ही पळवाट तर मुळीच नको. नवरा बिचारा बहिणीपुढे वाईट ठरतो, नाहीतर भाऊजी परस्पर त्यांच्याकडून होकार घेऊन येतात! आधी घरात दोघांनी ठरवा आणि मग तुम्हीच बोला, "भाऊजी, कुणालाच जामीन राहायचं नाही असं आम्ही ठरवलंय. माझ्या भावालाही हेच सांगेन." पण एवढं बोलून लगेच चहा टाकायला उठू नका. त्यांची अडचण नीट ऐकून घ्या. परत आली नाही तरी चालेल एवढीच रक्कम जवळ असेल, तर ती द्या.

नणंदबाई फुगतील. कदाचित भाऊबीजेलाही येणार नाहीत. तरी बोलावणं नेहमीसारखं तुम्हीच करा, आणि नाहीच आल्या तर करंज्यांचा डबा भाच्यांना पोचता करा. त्या पोरांनी काय केलंय?