निवडणुकीचा मुहूर्त कोणाच्या हाती?

लोकसभेची निवडणूक केव्हा व्हावी हे निवडणूक आयोग ठरवितो, अशी सुशिक्षितांचीही समजूत आहे. ती अर्धीच खरी होय. मतदानाच्या तारखा आयोग ठरवितो. परंतु मुदतीपूर्वी लोकसभा विसर्जित करावी की नाही, हा प्रश्न त्याच्या उंबरठ्यापर्यंत येतच नाही. विसर्जनाचा आदेश राष्ट्रपतींचा, सल्ला मंत्रिमंडळाचा आणि इच्छा बहुधा पंतप्रधानांची. खेळणाऱ्या गड्याकडेच पंचाची शिटी द्यावी, तसा हा प्रकार आहे.

१९७० च्या डिसेंबरात सभागृहात पराभव झाला नसताना श्रीमती इंदिरा गांधींनी सव्वा वर्ष आधी लोकसभा विसर्जित करविली व १९७१ मध्ये ३५२ जागा मिळविल्या. २००४ साली वाजपेयी सरकारने काही महिने आधीच कौल मागितला. तो उलटा पडला. मतदार शहाणा आहे, मग चिंता कशाची, असे यावर म्हटले जाते. आम्हांस हे पटत नाही. डाव फसला म्हणून डाव टाकण्याचा अधिकार न्याय्य ठरत नाही.

निवडणूक लांबविणे तर याहून घातक. १९७६ साली आणीबाणीत लोकसभेने स्वतःचीच मुदत एकेक वर्षाने दोनदा वाढवून घेतली. मूळ मुदत संपताच आपला जनादेश संपला, असे मानून मधु लिमये आणि शरद यादव या तुरुंगातील दोन खासदारांनी राजीनामे दिले. इतरांना तसे वाटले नाही! मुदतवाढीची ती तरतूद घटनेच्या ८३ व्या कलमात आजही आहे.

ब्रिटनने २०११ साली कायद्याने पंतप्रधानांचा हात बांधला. पण २०१९ मध्ये वेगळा कायदा करून तो सोडविण्यात आला आणि २०२२ साली मूळ कायदाच रद्द झाला. तेव्हा साधा कायदा पुरणार नाही, बंधन घटनेतच हवे. आपल्याकडे २०२४ च्या डिसेंबरात मांडलेल्या १२९ व्या घटनादुरुस्ती विधेयकात, मध्यावधी निवडून आलेल्या लोकसभेस केवळ उरलेली मुदत द्यावी, असे सुचविले आहे. त्याने पंतप्रधानांचा मोह कमी होईल, हे मान्य. पण पाच वर्षांसाठी मत देणाऱ्या नागरिकाच्या पदरात दोनच वर्षे पडावीत, हा दंड चुकीच्या माणसास आहे.

सभागृहाने अविश्वास दाखविला नसेल, तर मुदतपूर्व विसर्जनाचा सल्ला देण्याचा अधिकार कोणत्याही पंतप्रधानास असू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुदतवाढीसही दोन-तृतीयांश बहुमताची अट घालावी. आणि ही दुरुस्ती आणीबाणी नसतानाच करून घ्यावी.